तडीपारीलाही सुनावणी लागते

२३ जानेवारी २०२६ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शेकडो दुकानदारांनी आणि उपाहारगृहांच्या मालकांनी स्वतःहून धंदा बंद ठेवला. शून्याच्या कितीतरी खाली गेलेल्या थंडीत हजारो माणसं मिनिआपोलिसच्या रस्त्यांवर चालली. स्थलांतरितांना पकडून देशाबाहेर काढण्याची जी मोहीम त्यांच्या केंद्र सरकारने डिसेंबरपासून तिथे चालवली होती, तिच्याविरुद्ध हा बंद होता. ७ जानेवारीला या मोहिमेवरच्या एका अधिकाऱ्याच्या गोळीने ३७ वर्षांच्या एका महिलेचा जीव गेला होता, आणि ती अमेरिकेचीच नागरिक होती. बंदच्या दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करणारा एक परिचारक अशाच गोळीबारात मारला गेला. तोही तिथलाच नागरिक.

या बातम्या आपल्याकडे मोबाइलवर पोचल्या, आणि मला आजूबाजूला जे ऐकू आलं ते एवढंच: त्यांचा देश, त्यांचे कायदे, बेकायदा राहिलेल्यांना हाकललं तर ओरड कसली? खेडच्या एसटी स्टँडवर हे ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांकडून ऐकलं. मला ते पटत नाही. कोकणातल्या माणसाच्या तोंडून तर अजिबात पटत नाही.

आपल्या हद्दीत कोणी राहावं हे ठरवायचा अधिकार प्रत्येक देशाला आहे, हे मान्य करूनच मी लिहितो आहे. सीमा नको, पासपोर्ट नको असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं असं की माणसाला देशाबाहेर काढण्याआधी त्याचं ऐकून घेतलं पाहिजे, त्याच्या घरच्यांना कळवलं पाहिजे, आणि तो नेमका कोण आहे याचा निर्णय पकडणाऱ्याने न करता दुसऱ्या कोणीतरी केला पाहिजे. सरकार हे टाळत असेल, तर लोकांनी रस्त्यावर येऊन ते करायला लावावं. अमेरिकेत लोक तेच करताहेत, आणि आपल्याकडेही ते व्हायला हवं.

तिथले मोर्चे कशासाठी आहेत हे नीट पाहिलं तर त्यांची धार बहुतेक वेळा पद्धतीवर आहे. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने १७९८ सालचा, युद्धकाळासाठी केलेला परकीय शत्रूंविषयीचा कायदा बाहेर काढला आणि दोनशेहून अधिक व्हेनेझुएलन लोकांना विमानांत घालून एल साल्वादोरच्या तुरुंगात नेऊन टाकलं. विमानं परत फिरवा, असं न्यायाधीश सांगत होते. विमानं फिरली नाहीत. त्याच खेपेत मेरीलँड राज्यात राहणारा एल साल्वादोरचा एक माणूसही गेला. त्याला त्या देशात पाठवू नये असा २०१९ सालचा न्यायालयीन आदेश असताना तो गेला, आणि ही चूक झाल्याचं सरकारी वकिलांनी न्यायालयात कबूल केलं. तरी त्याला परत आणायला जूनचा पहिला आठवडा उजाडला. मधल्या काळात, एप्रिलमध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या जुन्या कायद्याखाली कोणाला काढायचं असेल तरी त्याला आधी नोटीस द्यावी लागेल आणि दाद मागायला संधी द्यावी लागेल. ज्या न्यायालयात ट्रम्प यांनीच नेमलेले तीन न्यायाधीश आहेत, त्या न्यायालयाचं हे म्हणणं आहे.

मग ६ जून २०२५ ला लॉस एंजेलिसमध्ये धाडी सुरू झाल्या. कपड्यांच्या गोदामावर, रोजंदारीचे मजूर उभे राहतात त्या दुकानांच्या वाहनतळांवर माणसं उचलली जाऊ लागली. लोक जमले. राज्याच्या गव्हर्नरांचा विरोध असताना वॉशिंग्टनने आधी दोन हजार, मग एकूण चार हजार नॅशनल गार्ड (राज्यांचं राखीव सैन्य) आणि सातशे मरीन सैनिक त्या शहरासाठी काढले. लष्कराचा असा वापर बेकायदा होता, असा निकाल सप्टेंबरमध्ये तिथल्या संघराज्य न्यायालयाने दिला. त्या दिवसांत काही जणांनी गाड्या पेटवल्या, दगड मारले, हेही खरं आहे, आणि ते चुकीचंच होतं. जळत्या गाडीचं एक छायाचित्र मिळालं की सरकारला पुढे काही सिद्ध करावं लागत नाही. पण शिकागोत त्या शरद ऋतूत लोकांनी जे केलं ते पाहा. गल्लीगल्लीत शिट्ट्या वाटल्या. अधिकाऱ्यांच्या गाड्या आल्या की शिट्टी वाजायची, लोक दारात यायचे, मोबाइलवर चित्रण करायचे, पकडलेल्याचं नाव विचारून घ्यायचे, म्हणजे वकिलाला आणि घरच्यांना कळवता येईल. नाव विचारून घेणं ही मला या साऱ्या चळवळीतली सगळ्यांत महत्त्वाची कृती वाटते. माणूस निनावी नाहीसा झाला की त्याच्यासाठी कोणी कोर्टात जाऊ शकत नाही.

१३ मे २०२१ ची ग्लासगोची घटना आपल्याला तर आणखी जवळची. ब्रिटिश सरकारच्या इमिग्रेशन खात्याने सकाळी केनम्यूर स्ट्रीटवरून दोन माणसांना गाडीत घातलं. दोघेही भारतात जन्मलेले. त्या दिवशी ईद होती आणि मोहल्ला दक्षिण आशियाई लोकांचा. एक जण गाडीखाली जाऊन आडवा झाला, शेजारी जमले, बघता बघता शेकडो झाले. हे आमचे शेजारी आहेत, त्यांना सोडा, अशा घोषणा देत लोक जवळजवळ आठ तास गाडीभोवती बसून राहिले. शेवटी स्कॉटलंडच्या पोलिसांनी दोघांना सोडून दिलं. स्कॉटिश, पाकिस्तानी, भारतीय, सगळे त्या गर्दीत होते. ज्यांच्यासाठी ते बसले त्यांच्या कागदांत काय होतं हे बहुतेकांना माहीतही नव्हतं. कागदांचा निवाडा नंतर व्हावा, आधी माणूस आमच्यासमोर गाडीतून उतरू दे, एवढीच त्यांची मागणी.

आता आपल्याकडे येतो.

बाणकोटच्या खाडीच्या दोन्ही अंगांची गावं घ्या. म्हसळा, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली, खेड. पुढे चिपळूण, राजापूर. या पट्ट्यातली कितीतरी घरं गेली पन्नास वर्षं आखाती देशांतल्या पगारावर उभी राहिली. त्याआधी ती मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालत होती, आणि त्याच्याही आधी बोटीवरच्या नोकरीवर. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत करारावर गेलेले मराठी लोक बरेचसे याच किनाऱ्याचे, आणि दक्षिण आफ्रिकेच्या केपटाउनमधले कोकणी मुसलमानही इथलेच. इथे पिकणाऱ्या भातावर इथलं घर वर्षभर कधीच चाललं नाही, म्हणून माणूस बाहेर जात राहिला.

आणि बाहेर गेलेला माणूस बेकायदा कसा होतो, हे कोकणाला कोणी शिकवायची गरज नाही. सौदीत कफीलाने, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाने, पासपोर्ट ताब्यात घेतला, पगार थकवला, म्हणून माणूस ते काम सोडून दुसरीकडे गेला, की कफील सरकारदरबारी 'हुरूब' लावतो, म्हणजे हा पळून गेला अशी नोंद करतो. त्या एका नोंदीने काल कायदेशीर असलेला माणूस आज गुन्हेगार ठरतो. त्याने कुठलीही सीमा चोरून ओलांडलेली नसते. कोणी 'आझाद व्हिसा' म्हणून पैसे मोजून घेतो, प्रत्यक्षात तो एकाच कफीलाच्या नावावर असतो, आणि दुसरीकडे काम करताना सापडला की तो गुन्हा. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपला, मालकाने नूतनीकरण केलं नाही, की पुन्हा तेच. दुबईत अशा माणसाला आपलीच माणसं खल्लीवल्ली म्हणतात. २०१३ मध्ये सौदीने निताकत, म्हणजे नोकऱ्यांत स्थानिकांना ठरावीक वाटा देण्याचा २०११ पासूनचा नियम, कडकपणे राबवायला घेतला आणि कागद नीट करायला किंवा निघून जायला मुदत दिली, तेव्हा हजारो भारतीय आउटपासवर, म्हणजे फक्त मायदेशी यायच्या तात्पुरत्या कागदावर, परत आले. त्यांत आपल्या तालुक्यांतलेही होते. कुवेतने २०१८ मध्ये माफी दिली, अमिरातीने २००७ मध्ये, २०१८ मध्ये, पुन्हा २०२४ मध्ये. या माफ्यांची वाट बघत बसलेली घरं कोकणात आहेत. मुलगा बापाच्या मयताला येऊ शकला नाही, कारण एकदा बाहेर पडला की परत जाता येणार नाही, अशी उदाहरणं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. त्या मुलाला आपण कधी घुसखोर म्हटलं नाही. फसला बिचारा, असं म्हटलं. ते बरोबरच होतं. अमेरिकेतल्या कागद नसलेल्या लोकांतही रीतसर व्हिसावर येऊन मुदत संपल्यावर राहिलेले लोक फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांची गोष्ट खेड-मंडणगडच्या गोष्टीहून वेगळी नाही.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकन हवाई दलाचं सी-१७ विमान अमृतसरला उतरलं. त्यात १०४ भारतीय होते, तीन महाराष्ट्रातले. हातात बेड्या, पायांत साखळ्या. देश हादरला. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षांचे खासदार संसदेच्या आवारात हातात बेड्या घालून उभे राहिले. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी राज्यसभेत सांगितलं की अशी परत पाठवणी नवी नाही, २००९ पासून १५ हजारांहून अधिक भारतीय अमेरिकेने परत पाठवले आहेत, आणि बांधून आणण्याची पद्धत २०१२ पासूनची आहे. ते खरंच होतं. ओबामांच्या काळात, २०१२ च्या एकाच आर्थिक वर्षात, अमेरिकेने चार लाखांहून अधिक लोकांना बाहेर काढलं होतं. हा प्रश्न एकट्या ट्रम्प यांचा नाही. पण जुनी पद्धत म्हणून साखळी योग्य ठरत नाही, आणि आपल्या मुलांच्या पायांतल्या साखळ्या पाहून आपल्याला जे वाटलं ते योग्यच वाटलं.

मग त्याच वर्षीच्या जूनमध्ये काय झालं? मीरा रोड परिसरात गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका मजुराला बांगलादेशी समजून पकडलं. त्याच्याकडे आधार कार्ड होतं, मतदार ओळखपत्र होतं. बंगालमधून घरच्यांनी, पंचायतीने कागद पाठवले, तिथल्या पोलिसांनीही संपर्क साधला. तरीही त्याला विमानाने नेऊन रात्रीच्या अंधारात बांगलादेशच्या हद्दीत ढकललं. काही दिवसांतच आपल्याच सीमा सुरक्षा दलाला त्याला परत घ्यावं लागलं, कारण तो भारतीय होता. मीरा रोड म्हणजे ठाणे जिल्हा, आपलाच उत्तर कोकण. दिल्लीतून उचललेल्या बीरभूमच्या एका गरोदर बाईला तर याच महिन्यात असं ढकललं की कोलकाता उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये परत आणा म्हटल्यावरही ती डिसेंबरपर्यंत भारतात येऊ शकली नाही. जुलैमध्ये कोलकात्यात या प्रकारांविरुद्ध भर पावसात मोठा मोर्चा निघाला. त्यात पक्षीय राजकारण होतं, हे मला दिसतं. पण मोर्चा निघाला. आमच्या भागात या मजुराबद्दल कोणी एक निवेदन दिल्याचंही मी ऐकलं नाही. अमृतसरच्या साखळ्यांनी ज्यांना झोप लागली नव्हती, तीच माणसं इथे गप्प होती, आणि याची मला लाज वाटते.

आपल्याच कायद्यातली एक गोष्ट या वादात कोणी काढत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१. एखादा गुंड रत्नागिरी जिल्ह्यातून तडीपार करायचा असेल, तर कलम ५९ प्रमाणे त्याला लेखी नोटीस द्यावी लागते, आरोप काय ते कळवावं लागतं, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, तो वकील देऊ शकतो, साक्षीदार आणू शकतो. आदेश झाल्यावर कलम ६० खाली शासनाकडे अपील करू शकतो. तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची. म्हणजे खंडणीखोराला चिपळूणहून साताऱ्याला पाठवताना आपण एवढं करतो, आणि गवंडीकाम करणाऱ्या माणसाला कायमचं देशाबाहेर टाकताना एका रात्रीत उरकतो. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबतचा नवा कायदा लागू झाला, त्यातही आपण परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पकडलेल्या माणसावरच ठेवली आहे. १९४६ च्या कायद्यातही ती तशीच होती. जबाबदारी त्याच्यावर आहे, तर सिद्ध करायला वेळ आणि जागा नको का? आधार, पॅन, मतदार ओळखपत्र यांनी नागरिकत्व सिद्ध होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं. ठीक आहे. मग आपल्या पंचक्रोशीतल्या किती जणांकडे, विशेषतः वाडीवरच्या म्हाताऱ्या बायकांकडे, त्यापलीकडचा कागद आहे? जन्म घरी झाला, शाळेत नाव गेलं नाही, लग्नानंतर नाव बदललं, रेशनकार्डावर वेगळं, मतदार यादीत वेगळं. आज ही विचारणा बंगाली बोलणाऱ्यांना होते म्हणून आपण निर्धास्त आहोत.

सुनावणीशिवाय हद्दपार झालेला सर्वांत प्रसिद्ध माणूस रत्नागिरीतच राहिला आणि रत्नागिरीतच वारला. ब्रह्मदेशचा राजा थिबा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, त्याला राणीसह बोटीत बसवलं, आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. खटला नाही, आरोपपत्र नाही. तीस वर्षं तो इथे राहिला, १९१६ मध्ये गेला, माघारी जाऊ शकला नाही. थोरल्या राजकन्येचे वंशज याच मातीत मराठी होऊन गेले. आपण पाहुण्यांना थिबा पॅलेस दाखवतो तेव्हा सागवानाचं काम आणि खाडीचा देखावा दाखवतो. एका सरकारने एका माणसाला काही न विचारता समुद्रापार टाकलं, ही त्या वास्तूची मूळ गोष्ट आहे, आणि मुलांना तीही सांगायला हवी.

सुरक्षेचा मुद्दा येतो, आणि तो मी हलका मानत नाही. आपला किनारा उघडा आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि मार्चमध्ये मुंबईत २५७ माणसं मेली. पण ते उतरलं कसं? त्या खटल्यात कस्टम्सचे अधिकारी दोषी ठरले, पोलीस दोषी ठरले. पैसे घेऊन डोळे मिटणारे आपलेच होते. २६ नोव्हेंबर २००८ ला दहशतवादी गुजरातची मासेमारी नौका बळकावून आले, आणि कफ परेडच्या कोळीवाड्यात उतरताना त्यांना पहिल्यांदा हटकलं ते मच्छीमारांनी. किनाऱ्याची खरी राखण करते ती समुद्रावर आणि बंदरावर असलेल्या माणसांची नजर. मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे, कुठल्याही बंदरात जा, नौकांवर आज खलाशी कोण आहेत? नेपाळी आहेत, कर्नाटकातले आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे आहेत. पोलिसांसमोर गेलो तर आपल्यालाच उचलतील, अशी भीती या खलाशाच्या मनात बसली, तर रात्री पाहिलेली अनोळखी होडी तो कोणाला सांगणार? लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी हे १९७९ मध्येच ओळखलं होतं. डॅरिल गेट्स या कडक म्हणून नाव असलेल्या प्रमुखाने आदेश काढला की केवळ इमिग्रेशनचे कागद तपासण्यासाठी पोलिसांनी कोणाला थांबवू नये. कारण सरळ होतं, घाबरलेला माणूस फिर्याद देत नाही आणि साक्षही देत नाही.

बांगलादेशातून चोरून आलेले लोक कोकणात नाहीत, असं मी म्हणत नाही. चिरेखाणींवर काम करताना ते सापडले आहेत. खोटे कागद करून देणाऱ्या टोळ्याही आहेत. त्यांच्यावर खटले चालावेत, न्यायालयात दोष सिद्ध झाला तर शिक्षा व्हावी, आणि नंतर त्यांना त्यांच्या देशाच्या वकिलातीमार्फत रीतसर परत पाठवावं. पण खाणमालकाचं काय? मजूर आणणाऱ्या मुकादमाचं काय? आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ पासून होता, आता तो नव्या श्रमसंहितेत गेला आहे. मजुराची नोंद ठेवणं ठेकेदाराचं काम आहे. नोंद ठेवली तर पगारही कागदावर द्यावा लागतो, म्हणून ठेवली जात नाही. अमेरिकेतही १९८६ च्या कायद्याने कागद नसलेल्याला जाणूनबुजून कामावर ठेवणं बेकायदा ठरवलं, पण मालक क्वचितच अडकतात. पिंजऱ्यात उभा राहतो तो मजूर.

आणि काम तर आपल्याला हवंच आहे. हापूसच्या कलमांची राखण आज नेपाळी माणसाशिवाय होत नाही. पावसाळा सरला की तो बायकापोरांसह येतो, बागेतल्या खोपीत राहतो, साफसफाई, फवारणी, काढणी करतो आणि मे संपला की जातो. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला व्हिसा लागत नाही, एवढाच त्याच्यात आणि इतरांच्यात फरक. एका ओळीच्या करारभेदाने एकाला आपण गुरखा म्हणून विश्वासाने बाग सोपवतो आणि दुसऱ्याला पाहून पोलीस पाटलाला फोन करतो. काही गावांच्या वेशीवर तर परप्रांतीय फेरीवाल्यांना बंदी असे फलक लागले आहेत. भांडी आणि चादरी विकणाऱ्या माणसाला अडवायचा अधिकार ग्रामपंचायतीला कुठल्या कायद्याने मिळाला? २०२० च्या मे महिन्यात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना आपल्याच गावांनी वेशीवर अडवलं, काहींना शाळेच्या पडवीत दिवस काढावे लागले. रोगाची भीती होती, समजू शकतो. पण आपल्याच घरासमोर परका ठरणं म्हणजे काय, हे त्या वेळी हजारो कोकणी माणसांनी अनुभवलं. त्या अनुभवातून आपण काही शिकायला हवं होतं.

मोर्चांनी काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी २००५-०६ चं उदाहरण देतो. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने एक विधेयक मंजूर केलं. कागद नसणं हाच गंभीर गुन्हा, आणि अशा माणसाला मदत करणंही गुन्हा, अशी त्यात तरतूद होती. २००६ च्या वसंतात शहरोशहरी मोर्चे निघाले, १ मे रोजी स्थलांतरितांनी काम बंद ठेवलं, लाखो लोक रस्त्यावर होते. सिनेटमध्ये ते विधेयक पुढे गेलंच नाही. लहानपणी आईबापांबरोबर आलेल्या तरुणांनी वर्षानुवर्षं धरणी धरली, तेव्हा जून २०१२ मध्ये ओबामांनी त्यांना तात्पुरतं का होईना, संरक्षण दिलं. मिनिआपोलिसमध्येही दोन मृत्यूंनंतर मोहिमेचं नेतृत्व करणारा अधिकारी तिथून हलवावा लागला. प्रत्येक वेळी यश येत नाही. जानेवारी २०१७ मध्ये काही मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना घातलेल्या बंदीविरुद्ध लोक विमानतळांवर जमले, वकील जमिनीवर बसून अर्ज लिहीत होते, दुसऱ्याच दिवशी न्यायाधीशांनी स्थगिती दिली. पण बंदीची तिसरी, सुधारलेली आवृत्ती २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली. तरी मधल्या काळात अडकलेली किती माणसं घरी पोचली, हा हिशोब त्या माणसांना विचारावा.

आंदोलन म्हणजे काय हे कोकणाला परकं नाही. १८ एप्रिल २०११ ला जैतापूरच्या अणुप्रकल्पाविरुद्ध साखरीनाट्यात लोक जमले, गोळीबार झाला, एक मच्छीमार गेला. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाच्या गाड्यांसमोर बायका आडव्या झाल्या. तेव्हाही म्हटलं गेलं की हे आंदोलक बाहेरचे आहेत. काही कार्यकर्त्यांना राजापूर तालुक्यात यायला बंदी घातली गेली. रिफायनरी हवी की नको यावर मतभेद असू शकतात, माझ्या घरातही आहेत. पण ज्या माणसांनी सरकारने आपल्याला बाहेरचं ठरवल्याचं पाहिलं आहे, त्यांना लॉस एंजेलिसच्या गर्दीतली माणसं कळायला अवघड जाऊ नयेत.

मागणी साधी आहे आणि ती जिल्हाधिकाऱ्यांसमोर ठेवता येते. परदेशी असल्याच्या संशयावरून पकडलेल्या प्रत्येकाला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं. संविधानाच्या २२ व्या कलमात ते आहेच, आणि २१ वं कलम तर नागरिक नसलेल्यालाही लागू आहे. त्याने सांगितलेल्या गावच्या पोलीस ठाण्याकडून आणि पंचायतीकडून उत्तर येईपर्यंत त्याला जिल्ह्याबाहेर हलवू नये. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील देण्याचं बंधन १९८७ च्या विधी सेवा कायद्याने घातलं आहे, ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने पहिल्याच दिवशी पाळावं. मजुराबरोबर मालकाचीही चौकशी व्हावी. ग्रामसभांनी ओळखपत्रं तपासायचं काम अंगावर घेऊ नये.

हे निवेदन पहिल्यांदा मच्छीमार सोसायट्यांनी द्यावं, असं मला वाटतं. डहाणू-तलासरीचे आदिवासी गुजरातच्या नौकांवर खलाशी म्हणून जातात, समुद्रात रेषा दिसत नाही, पाकिस्तानची सागरी सुरक्षा संस्था पकडते आणि ते कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतात. २००८ च्या करारामुळे दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांकडच्या कैद्यांच्या याद्या देतात. तिकडे अडकलेल्यांच्या बायका त्या यादीत नवऱ्याचं नाव शोधतात. पाकिस्तानसारख्या देशाकडूनही आपण यादी मागतो आणि मिळवतो. आपल्याच पोलिसांनी या महिन्यात कोणाला पकडलं, कुठे ठेवलं आणि कुठे पाठवलं, त्याची यादी दर महिन्याला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लावायला सांगणं काही जास्त नाही.